उंबऱ्यावरची दोन मापं

एका रुंद नदीच्या अलीकडच्या काठावर एक होडीवाला राहायचा आणि पलीकडच्या काठावर गुळाचा व्यापार करणारं एक मोठं घर होतं. नदीवर पूल नव्हता आणि होडीही एकच होती. त्यामुळे त्या काठाला या काठाची गरज रोजच पडायची.

होडीवाल्याची मुलं जगत नव्हती. शेवटी एक मुलगी झाली, तेव्हा तिच्या आईने तिला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "हिचं नाव धोंडा. धोंड्याला कोण नजर लावतंय? धोंडा कोण उचलून नेतंय?" मुलगी जगली. आई मात्र त्याच वर्षी तापाने गेली. मुलीला आईचा चेहरा आठवत नव्हता. आईचं म्हणून तिच्याजवळ होतं ते एवढं नावच.

धोंडा मोठी झाली. वडिलांचा खांदा निखळला आणि वल्हं तिच्या हातात आलं. पलीकडून कोणाला यायचं असलं की त्याने काठावर उभं राहून हाक मारायची, "धोंडेऽऽ! होडी आऽऽण!" हाक आली की होडी सोडायची, पुढ्यात ताट असलं तरी झाकून ठेवायचं, हा वडिलांनी घालून दिलेला नियम. मुलीने तो कधी मोडला नव्हता.

सगळ्यांत जास्त हाका मारायची ती गुळवाल्यांच्या घरची मालकीण. बाजार अलीकडे भरायचा, म्हणून ती सारखी ये-जा करायची. "धोंडे, ढेपा नीट ठेव. धोंडे, पाणी उडवू नकोस. धोंडे, तुझ्यासारखी होडी या नदीवर कोणी हाकली नाही गं!" असं तिचं तोंड काठ येईपर्यंत चालू असायचं.

या मालकिणीला सगळे सोनाई म्हणायचे. तिच्या सासूलाही सोनाईच म्हणायचे आणि सासूच्या सासूलाही. घरात येणाऱ्या सुनेचं माहेरचं नाव पुसायचं आणि तिला सोनाई करायचं, ही त्या घराची रीत होती. सासू असेपर्यंत घरात दोन सोनाई नांदायच्या. चुलीपाशी कोणी 'सोनाई' म्हटलं की दोघी ओ द्यायच्या, आणि काम मात्र धाकटीच्याच वाट्याला यायचं.

सोनाईचा मुलगाही होडीतून ये-जा करायचा. काम नसलं तरी करायचा. बाजारातून रिकाम्या हाताने परतणाऱ्या मुलाकडे बघून आईला कळायचं ते कळलं. तिने विचार केला, मुलगी कष्टाळू आहे, खरी आहे, होडीत इतक्या ढेपा ठेवल्या पण कधी गुळाचा खडासुद्धा उचलला नाही. तिने स्वतःच जाऊन मागणी घातली. मुलीची एकच अट होती, लग्नानंतरही होडी मीच चालवणार. "चालव की," सोनाई म्हणाली. "घरची होडी झाली तर वाईट काय?"

साखरपुड्याला दोन्ही काठांची माणसं जमली. सोनाईने मुलीच्या हातावर साखर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आजपासून हिचं नाव सोनाई."

मुलीने साखर तोंडात टाकली नाही. "आत्याबाई, नाव राहू द्या. आईने ठेवलेलं आहे."

"धोंडा? हे काय सुनेचं नाव झालं? उद्या लोक म्हणतील, सोनाईने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला!"

माणसं खो-खो हसली. मुलगी हसली नाही. तिने विचारलं, "इतकी वर्षं त्याच नावाने हाका मारल्यात. तेव्हा तोंड पोळलं नाही ते?"

हसणं बंद झालं. सोनाईचा चेहरा लाल झाला. "तेव्हा तू होडीवाली होतीस. आता माझ्या घरची सून होणार आहेस."

"होडी तीच राहणार, हात तेच राहणार. तेवढे चालतात तुम्हाला?"

"चालतात. नाव चालत नाही."

आता खरं सांगते, इथे माझं डोकं फिरतं. नदीत पाय ओला होऊ नये म्हणून जे नाव घसा फोडून घ्यायचं, तेच घरात यायला निघालं की त्याची लाज वाटते! मुलीने ती साखर तिथेच भिरकावली असती तरी मी तिला बोल लावला नसता. पण तिला तो मुलगा आवडत होता. तिने मूठ तेवढी घट्ट मिटली आणि साखर घामाने विरघळली.

सोनाई उभी राहिली. "सगळ्यांनी ऐका. यापुढे हिला जो त्या जुन्या नावाने हाक मारेल, त्याने माझ्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही. मग तो कोणीही असो. देवीची शपथ आहे."

मुलगीही उठली. "माझंही ऐका. त्या नव्या नावाच्या हाकेला माझी होडी सुटायची नाही. मग हाक कोणाचीही असो."

झालं! दुसऱ्या दिवसापासून नदीकाठी तमाशा सुरू झाला. गुळवाल्यांशी वाकडं घ्यायची कोणाची हिंमत नव्हती. कोणाचा मुलगा त्यांच्याकडे कामाला, तर कोणाची गाडी त्यांच्या दारात. मग लोक काठावर उभे राहून "अगं ए!", "ओ बाई!", "होडीऽऽ!" असं काय वाटेल ते ओरडायचे. कोणी घाबरत घाबरत "सोनाईऽऽ" म्हणून बघायचं. होडी हलायची नाही. एका म्हातारीचं दूध काठावर नासलं. एका नवऱ्या मुलाचं वऱ्हाड दुपारपर्यंत उन्हात करपलं. ज्यांचं गुळाशी काही देणंघेणं नव्हतं, तेच काय ते बिनधास्त "धोंडेऽऽ" म्हणायचे आणि पार व्हायचे.

वडील वैतागले. "पोरी, हाक कोणाची आहे ते आपण बघायचं नसतं."

"पण हाक कोणाला आहे, ते तर बघायचं ना बाबा?"

वडील खांदा चोळत झोपडीत गेले.

मुलगा भेटायला आला. मुलगा चांगला होता, पण आईचं नाव निघालं की त्याची जीभ टाळूला चिकटायची. तो म्हणाला, "एवढंसं तर नाव. का ताणतेस?"

"बरं. आजपासून तुम्हाला मी गुंडेराव म्हणते," ती म्हणाली. तो हसला. मग ती होडीकडे निघाली आणि जाता जाता मागे न बघता म्हणाली, "गुंडेराव, ते वल्हं द्या." तो तसाच उभा राहिला. "गुंडेराव, ऐकू येत नाही का?" तरी तो उभाच. तिने स्वतःच वल्हं उचललं. "बघा. तुम्हालाही ओ देता येत नाही," ती म्हणाली. तो मान खाली घालून परत गेला, आणि घरी जाऊन आईला काहीच बोलला नाही. याचाही मला राग येतो, पण त्याचं पुढे येईलच.

लग्न मोडायचं मात्र दोघींपैकी कोणीच म्हणालं नाही, आणि ते तोंडावर आलं. नदीत, पलीकडच्या काठाच्या बाजूला, एक लहानसं बेट होतं आणि त्यावर देवीचं देऊळ होतं. लग्नाची पहिली अक्षत त्या देवीला द्यायची, आणि ती वरमाईने एकटीने, अनवाणी जाऊन द्यायची, अशी दोन्ही काठांची पद्धत होती. उन्हाळ्यात पलीकडच्या काठावरून बेटापर्यंत गुडघाभर पाण्याचा उतार असायचा. सोनाई भर दुपारी डोक्यावर अक्षतांची परडी घेऊन त्या उतारातून चालत बेटावर गेली.

तिकडे दूर डोंगरात वळीव कोसळला होता. इथे आभाळ कोरडं ठणठणीत होतं, म्हणून कोणाच्या ध्यानात आलं नाही. सोनाईने देवीपुढे अक्षत ठेवली, हात जोडले, आणि मागे वळून बघते तर उतार गेलेला. तांबडं पाणी काट्याकुट्यांसकट धावत होतं. देवळाची खालची पायरी तिच्या डोळ्यांदेखत बुडाली.

अलीकडच्या काठावर होडी होती आणि होडीत मुलगी बसलेली होती. सोनाईने तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि हाक मारली, "सोनाईऽऽ! होडी आऽऽण!"

मुलीने आवाज ओळखला. ती जागची उठली नाही. तिने तिकडूनच ओरडून विचारलं, "सोनाई तर तुम्हीच! स्वतःलाच काय हाका मारताय?"

"होडी आण म्हणते ना!"

"सोनाई बेटावर आहे! इथे त्या नावाचं कोणी नाही!"

सोनाईच्या अंगाचा तिळपापड झाला. बुडेन, पण ते नाव घेणार नाही, असं म्हणून ती देवळाच्या खांबाला धरून उभी राहिली. इकडे मुलीने खुंट्याला बांधलेला दोर सोडला नाही. दोघी एकमेकींकडे बघत होत्या, आणि पाणी दोघींकडेही न बघता चढत होतं.

झोपडीतून वडिलांनी विचारलं, "पोरी, कोण हाक मारतंय?"

"कोणी नाही," मुलगी म्हणाली. आयुष्यात ती वडिलांशी पहिल्यांदाच खोटं बोलली.

वडील बाहेर आले. "मी अजून बहिरा झालेलो नाही. हाक कोणत्या नावाची आहे, ते तुझं तू बघ. मी विचारतोय, पाणी कुठवर आलं?"

मुलीने बेटाकडे बघितलं. पायऱ्या दिसत नव्हत्या. तिचा चेहरा आक्रसला. तिने दोर सोडला. राग गेला नव्हता, तो होडीत बरोबर घेऊनच ती निघाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि वल्हं ती पाण्यावर मारल्यासारखं मारत होती.

देवळापाशी पोचली तेव्हा सोनाई कमरेइतक्या पाण्यात खांबाला मिठी मारून उभी होती. होडी हातभर अंतरावर आली आणि मुलीने ती तिथेच रोखून धरली.

"नाव घ्या."

"आधी होडी लाव!"

"आधी नाव घ्या, आत्याबाई. माझं, आईने ठेवलेलं."

"नाही घेणार!" सोनाई किंचाळली. "का घेऊ? माझं नाव कोणी घेतलं? मला सोनाई केलं तेव्हा मी परकर नेसणारी पोर होते. माझा भाऊ भेटायला आला. अंगणात उभं राहून त्याने मला माझ्या नावाने हाक मारली. सासूने त्याला घोटभर पाणीसुद्धा न देता परत पाठवला. म्हणाली, या घरात त्या नावाचं कोणी नाही. मी दाराआड उभी होते. मला ऐकू येत होतं. मी ओ दिली नाही! तो पुन्हा कधी आला नाही. मी एवढं सोसलं, आणि तू अशीच सुटणार?"

मुलीचे हात थांबले. थोड्या वेळापूर्वी आपणही हेच वाक्य या बाईच्या तोंडावर फेकलं होतं, हे तिला आठवलं. इथे त्या नावाचं कोणी नाही.

"काय हाक मारली होती त्यांनी?" तिने विचारलं.

सोनाईने खांब आणखी घट्ट धरला. पाणी छातीशी आलं. अक्षतांची परडी कधीच वाहून गेली होती.

"आत्याबाई, काय हाक मारली होती भावाने?"

"गोजरा," ती म्हणाली.

मुलीने होडी खांबाला लावली आणि हात पुढे केला. "गोजराबाई, हात द्या."

ते नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकून ती बाई क्षणभर पाणीच विसरली. मग तिने हात दिला.

पलीकडचा काठ जवळ होता म्हणून होडी तिकडे निघाली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही. सोनाई ओल्या पदरात तोंड लपवून बसली होती आणि मुलगी काठावरच्या खुंट्याकडे नजर लावून वल्हवत होती. तेवढ्यात वरच्या अंगाने एक उपटलेलं बाभळीचं झाड पाण्यात गिरक्या घेत थेट होडीवर आलं. मुलीचं तिकडे लक्ष नव्हतं. सोनाईने ते पाहिलं.

"धोंडेऽऽ! मागे ओऽऽढ!"

"ओ!" म्हणत मुलीने होडी मागे खेचली. झाड होडीच्या नाकाला घासून निघून गेलं.

जिवावर बेतलं तेव्हा तोंडातून सोनाई हे नाव आलं नाही. इतक्या वर्षांची सवय खोटं बोलायला विसरली. ती हाक पाण्यावरून दोन्ही काठांवर गेली. पूर आला म्हणून काठावर सगळं गाव जमलेलं होतं, त्या सगळ्यांनी ती ऐकली.

लोकांनी सोनाईला आधार देऊन घरी नेलं. दारात आल्यावर ती थांबली.

"आत चला, अंग पुसा," घरातली माणसं म्हणाली.

"मी येऊ शकत नाही. ते नाव जो घेईल त्याने हा उंबरा ओलांडायचा नाही, अशी शपथ मीच घातली होती."

"अहो, तुम्ही घरच्या मालकीण! शब्द मागे घ्या."

"कोणीही असो, म्हटलं होतं मी," ती ताडकन म्हणाली. "या दारातून माणसं परत गेली ती शब्दापायीच. आता स्वतःपुरता तो मागे घेऊ?"

ती ओट्यावर बसली ती बसलीच. जेवण तिथे, झोप तिथे. लग्नाची सगळी कामं तिने ओट्यावरून आरडाओरडा करून करवून घेतली. आत पुरण करपलं तर ते तिला बाहेरच्या वासावरून कळायचं. माणसं येता-जाता हसायची, तिच्या डोळ्याला डोळा भिडला की गप्प व्हायची.

लग्न लागलं. नवरी सासरच्या दारात आली. उंबऱ्यावर तांदळाने भरलेलं माप ठेवलेलं होतं. सुनेला ओवाळून आत घ्यायला सासू आत असावी लागते, आणि सासू तर वऱ्हाडाबरोबर बाहेरच उभी होती! माणसं कुजबुजू लागली. नवरीने मापाला पाय लावला नाही. ती सासूकडे वळली.

"आत्याबाई, शपथ कोणी घातली होती?"

"मी. सगळ्यांसमोर."

"मी म्हणजे कोणी?"

सासू तिच्याकडे बघत राहिली. "सोनाईने," ती हळूच म्हणाली.

"आणि गोजराने? तिने कधी या घराचा उंबरा ओलांडला होता?"

मग त्या बाईचा ऊर भरून आला आणि ती मोठ्याने म्हणाली, "नाही! तिला तर पहिल्या दिवसापासून बाहेरच ठेवली होती."

"मग आणखी एक माप आणा," नवरीने घरातल्या माणसांना सांगितलं.

"अगं, लोक हसतील!"

"हसू द्या. आधी तुम्ही."

दुसरं माप भरून आलं. गोजरा पदर खोचून उंबऱ्यासमोर उभी राहिली. माप उजव्या पायाच्या अंगठ्याने हळूच कलंडायचं असतं. तिने ते असं उडवलं की तांदूळ थेट चुलीपर्यंत गेले. इतक्या वर्षांचा राग होता तो, हळू कसा कलंडेल? एरवी कोणीतरी अपशकुन म्हणालं असतं, त्या दिवशी कोणाची छाती झाली नाही. मग तिने आतून ओवाळणीचं ताट आणलं, आणि धोंडाने आपलं माप हलकेच ओलांडलं.

नाव ठेवायला तांदळाचं ताट पुढे आलं. मुलाने हातात अंगठी घेतली. गुरुजींनी विचारलं, "काय लिहायचं?" मुलाने या वेळी आईकडे बघितलं नाही. तांदळात त्याने स्वच्छ अक्षरांत 'धोंडा' असं लिहिलं.

त्या दोघींची भांडणं मिटली, असं मात्र समजू नका. "धोंडे, आमटीत मीठ ओतलंस का?" "गोजराबाई, तोंड आलंय तुमचं!" असं त्या घरातून रोज ऐकू यायचं. त्या घरात पुन्हा कोणी सोनाई झाली नाही.

लग्नाची गडबड ओसरल्यावर गोजराने सुनेला होडी काढायला सांगितली. नदीच्या खालच्या अंगाला तिचं माहेर होतं. भाऊ म्हातारा झाला होता, अंगणात खाट टाकून बसला होता. इतक्या वर्षांनी आलेल्या बहिणीला त्याने ओळखलं नाही. ती त्याच्या जवळ जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ओ, दादा."

तात्पर्य काय, तर आपल्यावर झालेला अन्याय पुढच्या माणसावर केल्याने फिटत नाही. तो जिथे झाला, त्या उंबऱ्याशीच परत जाऊन त्याचा निकाल लावावा लागतो.